नास्तिक गुरुजींची सुट्टी

नास्तिक गुरुजी नेहमी हात पाठीमागे बांधून उभे राहत. सात वर्षं मी त्यांच्याबरोबर जामसरच्या शाळेत काढली, पण या माणसाचे दोन्ही हात पुढे एकत्र आलेले मी फक्त एकदाच पाहिले. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की मुलं ओटीवर रांगेत उभी राहत, मी सूर धरी आणि गुरुजी मुकाट्याने अंगणात उतरून फणसाखाली जाऊन उभे राहत. आधी देवाची प्रार्थना होई, मग जव्हारच्या महाराजांना दीर्घायुष्य चिंतायचं. या दुसऱ्या भागाला ते न चुकता वर येत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "महाराजांना मी स्वतः पाहिलंय, बुवा."

शाळेत आम्ही दोघेच मास्तर. ते मुख्य, मी साहाय्यक. गाव त्यांना नास्तिक गुरुजी म्हणे आणि मला बुवा. ही दोन्ही नावं मीच पसरवली होती, हे आता सांगायला हरकत नाही. माझा हिशेब असा, की त्यांच्या नावाने लोक दचकतील आणि माझ्या नावाने पाया पडतील. पण डोंगरातल्या पाड्यांवर नास्तिक म्हणजे काय हे कोणाला ठाऊक? त्यांना ते गुरुजींचं आडनाव वाटलं. बाया पोरांना शाळेत सोडताना "नास्तिक गुरजी, पोराला बघजास हां" असं प्रेमाने सांगून जात. मला कोणी काही बघायला सांगत नसे.

दर एकादशीला मी मारुतीच्या देवळात प्रवचन करी. शेतावरून दमून आलेली माणसं भिंतीला टेकत आणि माझा श्लोक संपायच्या आत घोरू लागत. जागे असत ते फक्त नास्तिक गुरुजी. आईला देवळात घेऊन येत आणि तिच्यामागे मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारत, "बुवा, काल तुम्ही त्या हत्तीला मगरीच्या तोंडात ठेवूनच आरती सुरू केलीत. सुटला का तो बिचारा?" पोरं फिदीफिदी हसत. माझा जळफळाट व्हायचा. आस्तिकांनी झोपावं आणि या माणसाने जागं राहावं, याचा राग मी देवावर काढू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्यावर काढी.

मी त्यांचा मत्सर करत होतो. साधा, सरळ, दात-ओठ खाणारा मत्सर. मी पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करावी, संध्या करावी, एकवीस वेळा अथर्वशीर्ष म्हणावं आणि तरी दिवसभर कोणावर तरी चिडलेलं असावं. ते आरामात उठत, आईच्या देवघरासाठी परडीभर फुलं खुडून आणत, ती उंबऱ्याशी ठेवत आणि शीळ घालत शाळेत येत. म्हातारी मला म्हणे, "हात जोडत नाही मेला, पण फुलं ताजी आणतो हो. याचे वडील कालचीच पाणी शिंपडून द्यायचे." तिच्या बोलण्यात तक्रार कुठेही नसे. माझी आई माझ्याविषयी इतकं बरं कधी बोलली नाही.

आमचं पहिलं मोठं भांडण वाघबारशीवरून झालं. दिवाळीची सुट्टी धनत्रयोदशीपासून लागे आणि वाघबारस येई नेमकी आदल्या दिवशी. त्या दिवशी पाड्यांवरची गुराखी पोरं शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, वर्षभर गुरांना सांभाळ म्हणतात. शाळा रिकामी पडे. सुट्टी संपली की मी हजेरीपट काढून एकेकाच्या हातावर छडी देई. गुरुजींनी एका वर्षी छडी माझ्या हातातून काढून घेतली.

"गणपतीला आपण शाळा बंद ठेवतो ना? मग यांच्या वाघाला का नको?" त्यांनी विचारलं.

"गणपती आणि वाघ एक का?" मी उसळलो. "आणि तुम्ही बोलताय? तुम्ही तर देवच मानत नाही!"

"म्हणून तर बोलतोय. मला दोघांपैकी कोणीच दिसत नाही, त्यामुळे थोरला कोण, धाकटा कोण, हे मला ठरवता येत नाही. तुम्हाला येतं. पण मग छडीही तुमच्याच हातात येते."

त्यांनी जव्हारला अर्ज धाडला आणि वाघबारशीची सुट्टी मंजूर करून आणली. पोरं अंगणात नाचली. मी इतकी वर्षं निर्जळी एकादश्या केल्या, पण एकादशीची अर्ध्या दिवसाची सुट्टीसुद्धा मला मागता आली नव्हती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण खरी आग लागली ती बोहाड्याच्या मुखवट्यावरून. बोहाडा म्हणजे आमच्या मुलखातला सोंगांचा उत्सव. लाकडी मुखवटे बांधून देव आणि राक्षस संबळाच्या तालावर नाचतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. देवीचं सोंग होतं देवजीच्या घराण्याकडे. त्याच्या बापाच्या माघारी देवजी आणि त्याचा चुलतभाऊ लक्ष्या यांच्यात मानावरून जुंपली. पंचांनी सांगितलं की निवाडा होईपर्यंत देवीचा मुखवटा कोणा तिसऱ्याकडे राहील. हे कानावर आलं तेव्हा मी मनातल्या मनात नाचलो. गावात सोवळं-ओवळं पाळणारा तिसरा माणूस माझ्याशिवाय कोण होता? मी देवघरातली खालची फळी धुऊन-पुसून ठेवली, तिच्यावर नवा लाल खण अंथरला आणि पंचांच्या बैठकीला जाऊन पुढेच बसलो.

देवजी उभा राहिला. "बुवांचे घरात देव लय," तो म्हणाला. "आमची देवी तिथं वेठीला गेल्यावानी खालती बसल. नास्तिक गुरजीला देवच नाय. म्हंजे तो माझे बाजूचा नाय न लक्ष्याचेबी नाय. तो राखल."

लक्ष्याने मान हलवली. त्या दोघांचं वर्षभरात एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. मी घरी येऊन तो खण परत पेटीत ठेवला. फळी मात्र खालचीच होती, हे देवजीला न बघता कसं कळलं, याचं मला आजही नवल वाटतं.

गुरुजींनी मुखवटा शाळेच्या कपाटात ठेवला आणि पाळायचे नियम देवजीकडून नीट विचारून घेतले. कपाटाजवळ पायताण न्यायचं नाही, दर अमावास्येला धूप दाखवायचा. धूप दाखवायला देवजीची बायको येई. गुरुजी कपाट उघडून देत आणि हात मागे बांधून फणसाखाली जात. श्रावणात एका दुपारी शाळेचं छप्पर गळू लागलं. मी धावत आत गेलो, तर गुरुजी कोरड्या कोपऱ्यात बसलेले, देवी मांडीवर, तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरलेली, आणि उपरण्याने तिच्या कपाळावरचं पाणी टिपण्याचं काम चाललेलं. त्यांचे दोन्ही हात एकत्र आलेले मी पाहिले ते तेव्हाच.

"मानत नाही म्हणता, आणि हे काय?" मी कुत्सितपणे म्हणालो.

"मी नाही मानत. देवजी मानतो," ते म्हणाले. "आणि वस्तू देवजीची आहे. ते घमेलं द्या इकडे, तिथे धार लागलीय."

मी घमेलं दिलं. माझ्या घरी देवी असती, तर मी तिच्यावर फुलं वाहिली असती, पण तिला असं मांडीवर घेऊन बसलो असतो की नाही, कोण जाणे.

त्याच वर्षी हिवाळ्यात दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मुख्य मास्तर झाडाखाली उभे पाहिले आणि मग खडूसाठी कपाट उघडलं, तर आतून देवीने डोळे वटारले. साहेब दोन पावलं मागे सरले. एकाच शेऱ्यात त्यांनी लिहिलं की मुख्य मास्तर ईश्वर मानत नाहीत आणि सरकारी कपाटात जंगली लोकांचं दैवत पूजतात. यातलं एक काहीतरी ठरवा, असं त्यांना कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगा, हे मुलांना देव नाही असं सांगतात का?"

खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. गुरुजी आपणहून हा विषय कधीच काढत नसत. एखाद्या पोराने विचारलंच, तर म्हणत, "मला काही दिसला नाही बाबा. बुवांना विचार, त्यांचं म्हणणं निराळं आहे. दोघांचं ऐक आणि मोठा झालास की तुझं तू ठरव." हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण डोळ्यांपुढे आला तो लाल खण.

"सांगतात, साहेब," मी म्हणालो.

महिन्याभरात जव्हारहून लखोटा आला. मुख्य मास्तरांनी रोज प्रार्थनेत उभं राहावं आणि धर्माविरुद्ध एक अक्षरही बोलणार नाही असं लिहून द्यावं, नाहीतर नोकरी सोडावी. गुरुजींनी तो दोनदा वाचला. सत्तरीची आई, आणि दुसरी नोकरी हाताशी नाही. मी आतल्या आत म्हणत होतो, आता जोडा हात. एकदाच जोडा, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल.

"प्रार्थनेत उभा राहीन," ते म्हणाले. "मुलांबरोबर उभं राहायला माझं काय जातं? हात जोडणार नाही, पण उभा राहीन. दुसरं मात्र जमायचं नाही. उद्या एखाद्या पोराने विचारलं, 'गुरुजी, देव आहे का?' तर मी काय तोंडात खडू धरून बसू?"

त्यांनी तसंच लिहून पाठवलं, आणि त्यांना काढून टाकलं. संस्थानाच्या हद्दीबाहेर खोडाळ्याला कोणी ओळखीचा होता, तिकडे पोरं शिकवीन म्हणाले.

निघण्याच्या दिवशी त्यांनी देवजी आणि लक्ष्याला बोलावून कपाट उघडलं. पंचांचा निवाडा अजून लागला नव्हता. "आता देवी बुवांकडे ठेवा," ते म्हणाले. "ते मनापासून मानतात, जिवापाड जपतील." हे ते खरोखर मनापासून म्हणाले, आणि तेच मला सोसवेना. मी पुढे झालो, हातसुद्धा पुढे केले.

देवजीने लक्ष्याकडे पाहिलं. लक्ष्याने देवजीकडे. मग लक्ष्या खाली बघत पुटपुटला, "दादा, औंदा तूच ने. फुडले साली मी नेन."

"एकल्याने कशी नेऊ? तूबी धर," देवजी म्हणाला.

दोघांनी दोन बाजूंनी देवी उचलली आणि माझ्यासमोरून घेऊन गेले. पंचांना दीड वर्षात जे जमलं नव्हतं ते एका क्षणात झालं. माझ्या घरी देवी देण्यापेक्षा भांडण मिटवलेलं बरं, असं दोघांनाही वाटलं होतं. गुरुजींना हसू आवरेना. मग माझा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी हसायला हवं होतं. ते मला परवडलं असतं.

म्हातारीला आणि तिच्या देवांना बैलगाडीत बसवून ते निघाले. मी वेशीपर्यंत गेलो. तिथे ते थांबले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बुवा, दिपोटींना तुम्ही सांगितलंत ते खोटं नव्हतं. मी सांगतो खरा. फक्त 'विचारल्यावर' हा एक शब्द तुम्ही जोडायला हवा होता." मग हात मागे बांधले आणि गाडीमागून चालू लागले. मी तिथेच उभा राहिलो. रागावले असते तर मी त्यांना विसरूनही गेलो असतो.

त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. पुढच्या वर्षी जव्हारहून हुकूम आला, वाघबारशीची सुट्टी रद्द. हा हुकूम वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी तीन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. मग बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या मर्जीविरुद्ध अर्ज लिहिला. गणपतीला सुट्टी आहे तर वाघदेवालाही असावी, हे मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. खुर्ची जाईल या धास्तीने पंधरा दिवस मला नीट झोप नव्हती. एका पोराने मध्येच विचारलं, "बुवा, देव हाय का?" मी म्हणालो, "आहे. पण खोडाळ्याचे गुरुजी म्हणतात नाही. कधी बाजाराला गेलास तर त्यांनाही विचार."

अर्ज मंजूर झाला. मी ओटीवर उभं राहून तो मुलांना मोठ्याने वाचून दाखवला, सहीसकट. पोरं आरडाओरडा करत अंगणात धावली. "सुट्टी! नास्तिक गुरजीची सुट्टी!"

मी पुढे बावीस वर्षं त्या शाळेत होतो. दर वर्षी अर्ज मी लिहिला, दर वर्षी सही माझीच होती. मी निवृत्त झालो त्या वर्षी ज्या पोरांनी गुरुजींना कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तीसुद्धा त्या दिवसाला हेच नाव घेऊन फणसाखालून घरी पळाली.