पाचशे मिलिमीटरवरचे अप्पा

फोटो काढायला आलेल्या माणसाला शिवमूर्तीअप्पा आधी स्टुलावर बसवायचे आणि मग विसरून जायचे. बीडच्या बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. आत पडद्यावर रंगवलेला धबधबा, समोर दोन मोठे दिवे आणि त्या दिव्यांच्या उकाड्यात घाम पुसत बसलेलं गिऱ्हाईक. अप्पा मात्र कपाळावर भस्माच्या तीन पट्ट्या ओढून पलीकडे निवांत काच पुसत असायचे. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "पानी गढूळ हाय अजून. गाळ खाली बसू द्या." फोटोसाठी ओढूनताणून आणलेला चेहरा गळून पडला, माणूस कंटाळून स्वतःसारखा दिसायला लागला, की मग बटण दाबायचे.

माझ्यावर हा प्रयोग झाला तेव्हा मी पंपाच्या एजन्सीसाठी अर्ज करत होतो. हातगाडीवर पाइप वाहण्यापासून सुरुवात करून मी दुकानापर्यंत आलो होतो आणि माझ्याकडे वेळ नव्हता. शेवटी मी ओरडलो, "ओ अप्पा, फोटो काढताय का दुकान इकायला काढलंय?" त्याच क्षणी त्यांनी बटण दाबलं. फोटोत मी कंपनीच्या साहेबाला चावायला निघालो आहे असं स्पष्ट दिसत होतं.

"दुसरा काढा," मी म्हणालो.

"कावून? हाच खरा हाय. कंपनीला आधीच कळू द्या."

तो फोटो माझ्या ओळखपत्रावर कित्येक वर्षं होता. साहेब लोक आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग खुर्ची थोडी मागे सरकवायचे. या उपकाराबद्दल मी अप्पांना पूर्ण माफ केलेलं नाही. वर भावातही त्यांनी काही सोडलं नाही. कंपन्यांच्या एजंटांना मी उन्हाळ्याशिवाय घाम फोडला आहे, पण अप्पांसमोर घासाघीस करणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. 'एकच भाव' अशी पाटीसुद्धा त्यांनी लावली नव्हती. म्हणायचे, "पाटी लावली की लोक वाचतेत, आन् वाचलं की बोलतेत."

तरी मी रोज तिथे चहाला जाऊन बसायचो. कारण मला विचारू नका.

तो काळ असा होता की पूर्वी चोरून येणारा परदेशी माल दुकानांच्या काचेत उजळ माथ्याने बसायला लागला होता. गल्लोगल्ली केबल आली होती, बोअर पडत होते, माझे पंप खपत होते. खिशात पैसा खुळखुळला की माणसाला कला सुचते. मला फोटोग्राफी सुचली. अप्पांकडूनच एक कॅमेरा घेतला, अर्थात त्यांच्याच भावाने.

माझ्या दुकानासमोर आणखी एक पाइपांचं दुकान आहे. त्याच्या मालकाचं नाव मी घेत नाही, तो 'समोरचा'. दरवर्षी तो गिऱ्हाइकांना लक्ष्मीचं कॅलेंडर वाटायचा, मीही वाटायचो. दोन्ही लक्ष्म्या एकाच छापखान्यातून यायच्या, फक्त खालची दुकानाची नावं वेगळी. एका वर्षी भर बाजारात, दहाजणांच्या देखत, मी जाहीर करून टाकलं, "यंदा माझ्या कॅलेंडरवर मी सोता काढलेला मोर ऱ्हाईल. नायगावचा, आपल्या जिल्ह्यातला, नाचता!"

समोरचा हसून म्हणाला, "काढा की. न्हाई जमला तर लक्ष्मी हायेच."

आता माघार नव्हती. जिल्ह्यात पाटोद्याकडे नायगावला मोरांचं रान आहे, पण मोर काही माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसणार नव्हता. लांबून ओढणारी लेन्स हवी होती. मी अप्पांना विचारलं.

"तीनशे मिलिमीटरची घ्या," अप्पा म्हणाले. "जड हाय, म्हाग हाय, पन उजेड पेते. आन् कॅमेरा ठिवायला स्टँड घ्या."

मी मुंबईला गेलो. फोर्टमधल्या दुकानदाराने तीनशे मिलिमीटरची लेन्स दाखवली आणि तिच्या शेजारी पाचशेचीही दाखवली. पाचशेची तीनशेपेक्षा हलकी, आखूड आणि स्वस्त! आत आरसे बसवलेले असतात म्हणे. माझा सगळा जन्म मिलिमीटरवर गेलेला. तीनशेचा पाइप पाचशेच्या पाइपाहून महाग, हा हिशेब जगातल्या कुठल्या पाइपवाल्याला पटेल? मी पाचशेवर बोट ठेवलं आणि भावाला सुरुवात केली. दुकान उघडल्यापासून दुकानदाराचा डबा येईपर्यंत आमचं चाललं. शेवटी त्याने कपाळाला हात लावून होकार दिला, वर पुसायचा कपडा फुकट दिला. स्टँड घ्या म्हणाला. पाच हॉर्सपॉवरची मोटार एकट्याने उचलणारा माणूस मी. मी त्याला दंड दाखवला आणि निघालो.

बीडला उतरल्या उतरल्या स्टुडिओत गेलो. अप्पांनी लेन्स हातात घेतली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"आरशाची हाय. हिचा डोळा बारीक. ना उघडत, ना मिटत."

"कितीला आणली ते तर विचारा!"

"कावून विचारू? फोटोत भाव दिसत न्हाई."

हे वाक्य मला इतकं झोंबलं की साक्षीदार म्हणून मी त्यांना नायगावला न्यायचंच ठरवलं.

श्रावणातली सकाळ होती. माझी जीप झाडीच्या कडेला लावली. अप्पा थोडं पुढे जाऊन एका दगडावर बसले आणि स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाला विसरावं तसे मला विसरले. आभाळ दाटून आलं तसा एक मोर मोकळ्यात आला आणि त्याने पिसारा उघडला. मी रोल संपवायला सुरुवात केली. मोर एकीकडे गिरकी घ्यायचा, मी दुसरीकडे. आभाळामुळे उजेड कमी, लेन्सचा डोळा बारीक. कॅमेऱ्याचा पडदा इतका सावकाश उघडायचा-मिटायचा की तेवढ्यात मोराचं तोंड फिरलेलं असायचं. लेन्समधून मोर जवळ दिसत होता, पण माझ्या हाताची थरथरही तितकीच मोठी दिसत होती. मला राग आला की हात थरथरतो. हात थरथरला की राग येतो.

शेवटी मी मोरावरच खेकसलो, "थांब की बे!"

मोर गेला. अप्पा दगडावर बसून पोट धरून हसत होते.

"मोर हालतोय, तुमी हालताय," ते म्हणाले. "कुनीतरी येकानं थांबायला पायजे का न्हाई?"

 मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तेवढ्यात ऊन पडलं, ओली पानं चमकायला लागली आणि तो मोर पिसारा अर्धवट मिटलेला घेऊन पुन्हा दिसला. एक फोटो मिळाला. रोलमध्ये शेवटचा एक राहिला होता. लेन्स चांगली आहे हे सिद्ध करायचं म्हणून मी कॅमेरा जीपच्या बॉनेटवर टेकवला आणि दगडावर बसलेल्या अप्पांवर रोखला. त्यांच्या मागे ओलं झुडूप चमकत होतं. बटण दाबलं आणि विषय संपवला.

रोल धुऊन आला. अप्पांनी काउंटरवर पत्त्यांसारखे फोटो मांडले. नाचणाऱ्या मोराच्या जागी सगळीकडे निळं-हिरवं काहीतरी सांडलेलं होतं. उन्हातला तो एक मोर तेवढा ओळखू येत होता. पण त्याच्यामागे चमकणाऱ्या प्रत्येक पानाच्या जागी एकेक गोल कडं उमटलं होतं, मधे भोक असलेलं. आरशाच्या लेन्सचा हा गुण दुकानदाराने घासाघिशीत सांगितला नव्हता.

अप्पांनी बराच वेळ पाहिलं. "मोर बरा हाय. मागं मेदूवडे कुनी तळले?"

मग त्यांनी शेवटचा, स्वतःचा फोटो बाजूला काढून माझ्या हातात दिला. "हा कामाचा हाय. ठिवा."

"तुमचं तोंड छापलं तर पंप कोण घेईल?" मी म्हणालो आणि तो खिशात कोंबला.

कॅलेंडर छापून आलं. आणखी एक मोर मिळवायला दिवस नव्हते आणि लक्ष्मीकडे परत जायला तोंड नव्हतं. वाटप सुरू झालं त्या सकाळी दुकानात गर्दी होती, अप्पा बाकावर चहा पीत होते आणि समोरचा मुद्दाम रस्ता ओलांडून आला. त्याने कॅलेंडर उलगडलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"काय हो, मोराला छर्रे घातले का? ही भोकं कसली?"

लोक हसले. माझा हात पाइपाच्या एका तुकड्याकडे गेला. पुढे काय झालं असतं ते पोलीस स्टेशनला कळलंच असतं.

"भोकं न्हाईत," अप्पा बशीतला चहा संपवून म्हणाले. "पाइपाची तोंडं हायेत. पाइपाचं दुकान हाय, मंग मागं काय फुलं दाखवायची? खास लेन्स आणली त्येनी मुंबईहून."

सगळे थबकले. तलवाड्याचा एक शेतकरी पुढे झाला, कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाला, "आरं हाव की! पाइपच हायेत. लई डोकं चालवलं बरं शेठनं!"

समोरच्याच्या हातातलं कॅलेंडर खाली आलं. दुपारपर्यंत गठ्ठा संपला. सिरसाळ्यापर्यंत लोक 'पाइपाच्या मोराचं' कॅलेंडर मागू लागले. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल माझं कौतुक झालं आणि जे केलं होतं ते कुणाला दिसलंच नाही.

गर्दी गेल्यावर मी अप्पांवर चढलो. "खोटं कावून बोललात?"

"मेदूवडे म्हनलं असतं तर ते हाटेलवाल्याचं कॅलेंडर झालं असतं," ते म्हणाले आणि उठून गेले. भावात कधी काही न सोडणाऱ्या माणसाने माझ्यासाठी खरेपणा तेवढा सोडला, आणि वर आभार मानायची सोयही ठेवली नाही. ही माझी त्यांच्यावरची दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार म्हणजे ते न सांगता गेले. सकाळी काच पुसता पुसता खुर्चीत बसले आणि तसेच राहिले. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. आम्ही त्यांना बसवलं. बसवणं अप्पांना काही नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी, अप्पांच्या बायकोने, मला बोलावलं. "भाऊ, तुमच्याकडं ह्यांचा फोटो हाय का एखादा? साऱ्या गावाला स्टुलावर बसवलं यांनी, सोता काय कधी बसले न्हाईत."

दुकानातल्या कपाटाचे सगळे कप्पे मी जमिनीवर ओतले. सापडला. मोठा करून आणला. भस्माची प्रत्येक पट्टी वेगळी मोजावी, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बोटाला लागाव्यात, इतका साफ. मागे चमकणारी कडीच कडी.

समोरचा अप्पांच्या घरी भेटायला आला. हार घातलेल्या फोटोपुढे उभा राहिला. त्याने अप्पा पाहिले, मग मागची गोल कडी पाहिली, मग माझ्याकडे वळून तोंड उघडलं. माझा हात थरथरायला लागला होता. मी तो गुडघ्यावर टेकवला आणि गाळ खाली बसू दिला.

"लई साफ आलेत हो अप्पा," तो म्हणाला.

"हालले न्हाईत ना," मी म्हणालो.