कोपरा धरून ओढणाऱ्या ऑपरेटरबाई

ऑपरेटरबाईंच्या दुकानातला प्रत्येक कॉम्प्युटर नायलॉनच्या दोरीनं भिंतीतल्या खिळ्याला बांधलेला असायचा. एखादं खोंड दावणीला बांधावं तसा. नवीन गिऱ्हाईक हसायचं. मीही पहिल्या दिवशी विचारलं, "पळून जात्यात का काय बाई ही?" बाई वर न बघता म्हणाल्या, "सगळी नोकरी कोयनानगरला झाली माझी, भूकंपाच्या गावात. तिथं जमीन सांगून हलत नाही. बांधलेलं बरं."

धरणाच्या कॉलनीत त्या टेलिफोनवर ऑपरेटर होत्या. नोकरी सुटल्यावर साताऱ्यात पोवई नाक्याजवळ जिन्यावरच्या खोलीत त्यांनी इंटरनेटचं दुकान टाकलं. तेव्हा ते नवीनच होतं. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण सगळे ऑपरेटरबाईच म्हणायचे. सवयही तीच राहिलेली. कुणी घाई केली की म्हणायच्या, "होल्ड करा."

मी गवंडी. औंधाजवळचं गाव, शाळा चौथीपर्यंत. माझा दुकानाशी संबंध आला तो पोरामुळं. पोरगा मस्कतला वेल्डर. फोन महाग, पत्राला महिना लागायचा, म्हणून तो ईमेल पाठवायचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ते मला कुठलं वाचायला येतंय? बाई वाचून दाखवायच्या. पोरानं आईची चौकशी केलेली असली की ती ओळ त्या दोनदा वाचायच्या. मी न सांगता.

त्या दुकानात एक खोड होती. पत्र उघडायला गेलं की विंडो कधी पोस्टाच्या तिकिटाएवढी उघडायची, कधी निम्मी पडद्याच्या बाहेर. गिऱ्हाईक वैतागायचं, वरचं बटण दाबून मोठी करायचं, पण पुढची पुन्हा तेवढीच. बाईंचा उपाय ठरलेला. सगळ्या विंडो मिटायच्या, एकच ठेवायची. तिचा कोपरा धरून हळूहळू ओढायचं, पडदा भरेपर्यंत. मग कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि ती मिटायची. दुपारी जेवायला जाण्याआधी त्या प्रत्येक यंत्रापुढं बसून हे करायच्या, घरातनं निघताना कड्या बघाव्यात तसं.

"एवढं कशाला बाई? कोण बघतंय?" मी म्हणायचो.

"दादा, हे यंत्र शेवटचं तेवढंच ध्यानात ठेवतं. शेवटची जशी मिटली, तशी पुढची उघडते. वाकडी मिटली की पुढच्या माणसाला वाकडी."

मला तेव्हा ते नाटक वाटायचं.

पोराला मस्कतलाच मुलगी झाली. आमची कारभारीण तेव्हा अंथरुणाला धरून होती, छातीचं दुखणं. माहेर तिचं कवठे महांकाळचं. पाण्याची घागर दोन कोस आणलेली बाई, पण आता परसात जाऊन आली तरी दम लागायचा. पोरानं कळवलं, फोटो पाठवतोय. झालं. तिनं धरलंच, "मला न्या. नातीचं त्वांड बघायचं हाय. परत बघायला मिळंल न मिळंल."

नेली. यमाईच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्या अनवाणी चढणारी माझी बायको त्या दुकानाच्या जिन्यात तीनदा बसली. वर गेल्यावर बाईंनी स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. "बसा वहिनी. लाइन लागली की दाखवते."

इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरनं यायचं; लाइन लागायला पाऊण तास गेला. आमची गाडी सव्वादोनची, ती चुकली तर पुढची संध्याकाळी. शेवटी फोटो उघडला, तर विंडो तिकिटाएवढी. कुणीतरी आधी वाकडी मिटली होती. फोटो वरनं एकेक रेघ उतरत होता. काळं जावळ दिसलं, मग कपाळ, कपाळावर काजळाची तीट. तेवढ्यात पलीकडच्या यंत्रावर कुणीतरी हाक मारली. बाई उठताना म्हणाल्या, "हात लावू नका दादा. सगळा उतरू दे, मग मी ओढून मोठी करते. होल्ड करा."

मी घड्याळ बघत होतो. मला काय धीर निघतोय! बाई वरच्या कोपऱ्यात दाबतात एवढं मी पाहिलेलं. म्हटलं मोठी होईल. दाबलं. विंडो गेली. मी परत दाबलं. मागची पत्राची विंडोही गेली.

बाई धावत आल्या. रागावल्या नाहीत. परत उघडायला गेल्या, तर लाइनच तुटलेली. त्या फोन लावत राहिल्या, नुसता टूं टूं आवाज. मी बायकोवरच खेकसलो. "चल ऊठ. बघितलंस तेवढं बास. गाडी जाईल."

ती भिंत धरून उठली. जिन्यात म्हणाली, "कपाळ तर दिसलं की. माझ्यावाणी हाय, रुंद."

मी पुढं चालत होतो.

अकराव्या दिवशी ती गेली.

पोराला फोनवर रडत सांगितलं, पण पत्रही धाडायचं होतं. बाराव्यानंतर साताऱ्याला गेलो. बाईंनी माझं भादरलेलं डोकं बघितलं आणि सगळं समजल्या. तेच यंत्र उघडलं. विंडो अख्खा पडदा भरून उघडली आणि रेघारेघांनी फोटो उतरला. कपाळ, डोळे, नाक, मुठी. पायातले वाळेसुद्धा.

"तुम्ही गेल्यावर नीट करून ठेवली होती," बाई म्हणाल्या. "या यंत्रावर कुणाला बसू दिलं नाही. म्हटलं वहिनी परत येतील."

मी तिथंच बोलून गेलो. म्हटलं, बाई, तुमी म्हणत होता ते खरं. माझं शेवटचं वाकडं मिटलं. आता मला तेच तेच उघडतंय.

बाईंनी यंत्राच्या दोरीची गाठ चाचपून बघितली. मग म्हणाल्या, "ते यंत्राचं, दादा. त्याला मागचं काही ठेवता येत नाही. माणसाला येतं. तीस-पस्तीस वर्षं संसार केलात ना? मग कोपरा धरा, ओढा. जोर लावावा लागतो."

पुढं दोन वर्षांत गल्लोगल्ली तसली दुकानं झाली. बाईंनी आपलं बंद केलं आणि सांगलीला बहिणीकडं गेल्या. जाताना मला निरोप धाडला होता, पण मी कामावर होतो, भेट झाली नाही. नंतर एकदा जिना चढून बघितलं. खोलीत शिंप्याची मशीन बसली होती. भिंतीत खिळे तेवढे होते.

बाईंचं म्हणणं मला पुरतं जमलं, असं मी म्हणणार नाही. डोळे मिटले की आधी तो जिनाच दिसतो, भिंतीला धरून उतरणारी ती, आणि पुढं चालणारा मी. तिथंच थांबलो तर दिवस वाया जातो. मग मी कोपरा धरतो. ओढतो. कधी कधी येतं: आमचं घर बांधताना मला विटा झेलून देणारी, एक वीट सुटली म्हणून माझ्याच नावानं बोंबलणारी, आणि मग पदर तोंडात घालून हसणारी.