दाजींचा अंगोला

साधा हिरवा रंग आता कुणालाच लष्कराचा वाटत नाही. याचा मला राग येतो, आणि तो राग करायचा अधिकार मला नाही हेही मला माहीत आहे. लोकांचे डोळे ज्यांनी बिघडवले त्यांत माझाही ब्रश होता.

मी पेंटर आहे. शाहूपुरीत माझं छोटं दुकान आहे. पूर्वी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, लग्नघराच्या दारावरचे गणपती असं काम असायचं. फ्लेक्स आला आणि ते संपलं. वर्ष-दीड वर्ष मी रिकाम्या दुकानात बसून काढलं. मग एक दिवस एक पोरगा हेल्मेट घेऊन आला आणि म्हणाला, "ह्याला आर्मी मारून द्या." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मला कळलं. जवानांच्या वर्दीवर असतात तसे हिरवे-तपकिरी डाग त्याला हवे होते.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. आधी सगळीकडे फिकट मातकट रंगाचा हात द्यायचा. तो वाळला की हिरवे डाग, मग तपकिरी, शेवटी काळे फटकारे. एक डाग दुसऱ्यासारखा नको, एकही कड सरळ नको. माझा हात अक्षरांच्या सरळ रेघांना सरावलेला. वाकडं काढायला शिकण्यात माझे दोन महिने गेले. पण एकदा जमलं आणि रांग लागली. बुलेटच्या टाक्या, जिमच्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, पहाटे पळायला जाणाऱ्या ग्रुपचे टी-शर्ट, एका कुत्र्याचा कोट. एकानं बारशाचा पाळणा आणला होता. म्हणाला, "मेजर जन्माला आलाय आमच्यात." हा बाप स्वतः भरतीच्या मैदानाकडं कधी फिरकला नव्हता. जी नक्षी रानात माणूस दिसू नये म्हणून काढली, ती आमच्याकडं चौकात उठून दिसावं म्हणून चालते. मला त्यांची चीड यायची आणि मी रंग कालवायचो.

आता दाजींबद्दल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. कोडोलीचे. ते लष्करात होते आणि तिथं आचारी होते. मी शाळेत असताना दोस्तांना सांगायचो की आमचे दाजी बॉर्डरवर मशीनगन चालवतात. एकदा ते सुट्टीवर आले असताना माझे दोस्त त्यांना बघायला घरी आले.

"दाजी, किती जण मारलासा?" एकानं विचारलं.

"माशा व्हय? लई," दाजी म्हणाले. मग पोरांची तोंडं बघून समजावायला लागले, "आमच्या लंगरात चारशे माणूस जेवतंय. ते उपाशी ऱ्हायलं तर बंदूक कोण उचलणार, सांगा की."

पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर दाजी घरी असले की मी दोस्तांना आणायचा बंद झालो.

पुढं काही वर्षांनी एका हिवाळ्यात उंचावरच्या ठाण्यात त्यांच्या छातीत पाणी झालं आणि ते लष्कराच्या दवाखान्यात वारले. त्यांची काळी लोखंडी पेटी घरी आली. तिच्यात त्यांचा थंडीतला जाड लोकरी शर्ट होता. लष्करात त्या शर्टाला अंगोला म्हणतात. रंग साधा हिरवा, डाग नाहीत, पट्टे नाहीत. कॉलरच्या आत काळ्या शाईनं त्यांचा नंबर. उजव्या कोपरावर त्यांनी स्वतः घातलेला रफू. हिरवा दोरा मिळाला नसावा म्हणून निळ्या दोऱ्यानं. आक्काला वाचता येत नाही, पण त्या नंबराचे आकडे तिला आकारानं पाठ आहेत. दसरा झाला की ती तो शर्ट उन्हात घालायची, कडुलिंबाचा पाला बदलायची आणि परत पेटीत ठेवायची.

माझ्याकडं आर्मीच्या कामाची रांग लागली होती त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तालमीच्या गणपतीत सीमेवरच्या जवानाचा देखावा करायचं ठरलं. बैठकीत मीच बोललो, "आमच्या दाजींची खरी वर्दी हाय." मला कुणी विचारलं नव्हतं. तालमीच्या अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. मी कोडोलीला गेलो. आक्का आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "त्यास्नी बघाय लोक येणार म्हणतोस तर ने. पर हात लावायचा न्हाय. टांगायचा नि आणून द्यायचा. मी बी बघतो की येऊन."

कापडाच्या दुकानातला एक पुतळा आणून आम्ही त्याला तो शर्ट घातला. अध्यक्ष रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, डोळे बारीक केले आणि तिथूनच ओरडले, "पेंटर, ह्यो जवान हाय का कागलच्या कंपनीतला वॉचमन?"

मंडपातली सगळी हसली. मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं, मीही हसलो.

"तुमचाच हात हाय की," ते जवळ येत म्हणाले. "मारा आर्मी. धा मिंटाचं काम."

"बहिणीचा शर्ट हाय अध्यक्ष."

"मग? तिला बरंच वाटंल. दाजींचं प्रमोशन झालं म्हणा."

तेव्हा मी तो शर्ट पुतळ्यावरून काढून घरी जायला हवं होतं. मी तो काढला आणि दुकानात नेला. पहिला हात लोकरीनं पिऊन टाकला. दुसरा दिला. कोपरावर रफूपाशी ब्रश अडखळला, दोऱ्याच्या उंचवट्यावर रंग नीट बसेना. मी त्यावर जाड काळा डाग दिला. मग शर्ट उलटा करून आतून कडक इस्त्री फिरवली, कारण त्याशिवाय रंग पक्का होत नाही. इस्त्री करताना कॉलरच्या आतला नंबर माझ्यासमोर होता. तरी मी थांबलो नाही. काम चांगलं उतरलं होतं आणि मला त्याचं समाधान वाटत होतं. पाटीही मीच रंगवली: 'सीमेवर लढलेल्या वीराची खरी वर्दी.' त्यातला एक शब्दही खरा उरला नव्हता.

गर्दी झाली. लोक पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढत होते. पाचव्या दिवशी आक्का एसटीनं एकटीच आली. हातात पिशवी. आधी गणपतीच्या पाया पडली. मग पुतळ्यासमोर उभी राहिली. वर-खाली बघितलं.

"सोंग बेस केलंय," ती म्हणाली. "आन् ह्यांचा शर्ट कुठं हाय?"

तिच्यापासून तो दोन हातांवर होता. मी म्हणालो, "पाऊस हाय म्हणून दुकानात ठेवलाय आक्का. भिजंल."

"बरं केलंस बाबा." तिनं पिशवीतून शेवंतीचा हार काढला. पहाटे उठून स्वतः गुंफलेला. "मग ह्यो तिथं जाऊन घाल त्याला."

तो हार मी दुकानात नेऊन एका खिळ्याला अडकवला. आक्का दुकानाकडं यायला निघाली नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. म्हशीच्या संध्याकाळच्या धारा चुकतील म्हणून ती लगेच परतली.

विसर्जन झाल्यावर मी शर्ट आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायक्लीनिंगचं दुकान असलेल्या चाचांकडं नेला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे डाग काढले आहेत. त्यांनी कापड चिमटीत धरलं, उलटं करून बघितलं, वास घेतला.

"कितीबी दिवस लागू देत चाचा," मी म्हणालो.

"पेंटर, डाग असता तर काढला असता. ह्यो डाग न्हाई, हे तुझं काम हाय. इस्त्री बी मारलीस वर." त्यांनी शर्टाची घडी घालून परत दिली. "जा, सांगून टाक तिला."

दोन दिवस मी दुसरा शर्ट शोधला. जुन्या बाजारात हिरवं जाड कापड मिळतं का बघितलं, नंबर तसाच लिहून काढता येईल असा हिशेब केला. माझ्या हातात तेवढी कला आहे. इतका खाली मी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच शिसारी आली आणि कोडोलीची गाडी धरली.

आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा निवडत होती. मी शर्ट तिच्या मांडीवर ठेवला. तिला आधी कळलं नाही. मग तिनं कॉलर उलटली. बराच वेळ ती आकड्यांकडं बघत राहिली. मग कोपर हाताशी घेतलं आणि काळ्या डागावर नखानं खरवडायला लागली. सगळं मी सांगून टाकलं. पुतळा, अध्यक्ष, हार, सगळं.

"आतनं तसाच हाय आक्का," मी म्हणालो.

"शर्ट उलटा घालून माणूस हिंडतंय व्हय?"

तिनं कॉलर परत सुलटी केली.

"अध्यक्षाचं मला सांगू नको. त्यो कोण लागतोय माझा? तुला ते कमी वाटलं. तवा बी वाटायचं. दोस्त घरी आणायचा बंद झालास, ते ह्यांनी वळखलंतं. मला म्हणालं, पोराला माझी लाज वाटतीया, वाटू दे, लहान हाय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसलं असतं. "आता लहान हाईस व्हय? मोठी माणसं बी जेवतात का न्हाईत तुमच्यात? कुणीतरी रांधतंयच की."

मी माफी मागितली. तिनं ऐकलीच नाही.

"जिथं ते सोंग उभं केलंस तिथं लिही. आचारी हुतं म्हणून लिही. रंग कुणी फासला ते बी लिही. अक्षर काढतोस न्हवं तू? लिहिल्याबिगार ह्या उंबऱ्यात येऊ नको."

शर्ट तिनं मला परत दिला नाही. पेटीतही ठेवला नाही. मी निघालो तेव्हा ती तो मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

आमच्या तालमीच्या कोपऱ्यावर एक काळा फळा आहे. गल्लीतलं कुणी वारलं, सामना जिंकला, पाणी येणार नाही, सगळं त्यावर लिहिलं जातं आणि अख्खा पेठेचा रस्ता ते वाचून पुढं जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यावर खडूनं लिहिलं: 'देखाव्यातील शर्ट लष्करातील आचाऱ्याचा होता. तो साधा हिरवा होता. त्याच्या पत्नीला न विचारता त्यावर डाग मी रंगवले.' खाली माझं नाव लिहिलं.

चहा घेऊन परत आलो तोवर फळा पुसलेला होता. ओला होता अजून. अध्यक्ष हातात फडकं घेऊन उभे होते.

"पेंटर, तालमीची इज्जत काढतोयस व्हय? लोक म्हणतील, ह्यांनी आचारी पुजला धा दिवस."

"म्हणू देत."

"आरं, कुणाला कळलं नव्हतं. कशाला उगी?"

खरंच कुणाला कळलं नव्हतं, आणि मला राग आला तो त्याचाच. हजारो लोक त्या शर्टासमोरून गेले, हात जोडले, फोटो काढले. माझ्या डागांच्या पाया पडून गेले. शेवंतीचा हार घेऊन खऱ्या शर्टासाठी आलेली एकच बाई होती आणि तिच्याशी मी खोटं बोललो.

मी दुकानातून स्टूल आणलं. पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणि पाट्यांचा सपाट ब्रश आणला. फळा फडक्यानं कोरडा केला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. चार माणसं थांबली. कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं.

"ऑइल पेंट हाय व्हय ह्यो?" अध्यक्ष खालून म्हणाले. "आरं, जाणार न्हाई की हे आता."

"न्हाई जाणार," मी म्हणालो आणि 'आचाऱ्याचा' या शब्दाला दुसरा हात दिला.