इच्छापूरच्या गुडघ्यांचा अभ्यास

आमच्या ऑफिसात कपाट एकच आहे आणि ते रिपोर्टांनी भरलंय. रिपोर्ट कोणी वाचत नाही. पण रिपोर्ट लिहिताना जे त्यात घालता येत नाही, ते सगळं माझ्याकडे साचत जातं. मैत्रिणी जमल्या की माझी खुशाली विचारायच्या आधी "तुझ्या म्हाताऱ्या काय म्हणतात?" असं विचारतात. म्हणून एकदाचं लिहून मोकळी होते.

आधी काम सांगते, कारण ते माझ्या आईलाही अजून कळलेलं नाही. बुऱ्हाणपुरात शनवारा चौकाजवळ आमचा ट्रस्ट आहे. ट्रस्ट वयस्कर लोकांसाठी काही ना काही करत असतो. त्याचा खरंच उपयोग होतो की नाही, हे मोजणं ही माझी नोकरी. समाजकार्यात एम.ए. करताना मला वाटायचं, मोजून दाखवलं की लोक ऐकतात. तेव्हा मला आमचे अध्यक्ष आबासाहेब अजून भेटायचे होते.

आबासाहेब केळीचे मोठे बागायतदार. मनाने चांगले, कानाने सोयीपुरते. आमचा फिजिओथेरपिस्ट फिरोज याने जवळच्या इच्छापूर गावातल्या बायकांसाठी गुडघेदुखीचा व्यायामवर्ग सुरू केला, तेव्हा आबासाहेबांनी अटच घातली. "थंडी संपेपर्यंत चालवा. फरक दिसला तर ठेवू. नाहीतर क्लास बंद, आणि सगळ्यांना काठ्या वाटू."

काठ्या वाटायची त्यांना फार हौस. काठीवर नाव छापता येतं. व्यायामावर कुठे छापणार?

म्हणजे क्लास राहणार की जाणार, आणि त्याबरोबर फिरोजची नोकरीही, हे माझ्या मोजण्यावर ठरणार होतं.

*

पहिल्या मीटिंगमध्ये मी सगळं नीट समजावलं. सुरुवातीला मोजायचं, शेवटी मोजायचं, दोन्हींतला फरक बघायचा. आबासाहेब डोळे मिटून ऐकत होते.

"बेटा, तुला पुरावाच पाहिजे ना? मग फोटो काढ. आधीचा एक, नंतरचा एक."

"आबासाहेब, दुखणं फोटोत दिसत नाही."

"त्यांना सांग ना मग. पहिल्या फोटोत तोंड वाकडं करा, दुसऱ्यात सरळ."

*

हे ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. वयस्कर लोकांसाठी काम करणारी संस्था, आणि वर यायला असा उभा जिना की टपालवाला खालूनच हाक मारतो. मी तीनदा लेखी कळवलं की ऑफिस खाली आणा.

आबासाहेब स्वतः अर्ध्या जिन्यात थांबतात, खिशातून मोबाइल काढतात आणि काहीतरी फार महत्त्वाचं वाचल्यासारखं करतात. एकदा मी मागूनच येत होते. मोबाइल बंद होता.

"आबासाहेब, गुडघे दुखतात का?"

"गुडघे ठणठणीत आहेत माझे. जिना चुकीचा बांधलाय."

*

आता इच्छापूर. पहिल्याच दिवशी दुखण्याला आकडा द्यायचा होता. एक म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मी सुमनमावशींपासून सुरुवात केली, कारण बाकीच्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघूनच बोलतात. पण ही बाई केळीच्या व्यवहारात वाढलेली, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

"मावशी, तुमचं दुखणं किती?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू किती लावतेस?"

"मी नाही लावायचं. तुम्ही सांगायचं."

"बारा."

"दहाच्या वर जात नाही, मावशी."

त्यांनी शेजारणीच्या कानात काहीतरी विचारलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे. तू घरची पोरगी. साडेनऊ लिही."

मी लिहिते आहे तोवर मागून आवाज आला, "तिचं साडेनऊ तर माझं काहून कमी? माझे गुडघे तिच्याहून जुने हायेत!"

*

आकड्यांचा असा लिलाव झाल्यावर मी हुशारी केली. चेहऱ्यांचं कार्ड नेलं. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका, मधे बाकीचे. जसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, बस.

पहिल्या मावशींनी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यांनीही. तिसऱ्या तर हसत हसत आल्या आणि त्यांनीही रडकाच निवडला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत्ता हसताय. मग हा का?"

"बाकीचे बरे हायेत गं," त्या म्हणाल्या. "हिलेच कोनी विचारत नसंल. घे तिले आपल्यात."

*

अभ्यासात तुलना लागते. म्हणजे जिथे क्लास नाही, तिथलेही गुडघे मोजायचे. म्हणून मी असीरगडाच्या पायथ्याच्या गावात गेले. ओट्यावर एक आजोबा बसले होते.

"काय देता तुम्ही?"

"काही नाही, बाबा."

"मग कशाला आली?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "एका गावात आम्ही व्यायाम शिकवतो. तुमच्या गावाला काही द्यायचं नाही, आणि काही न देता काय होतं ते बघायचं."

आजोबांनी शेजारची काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता उगारणार.

"बस, चहा घे," ते म्हणाले. "आजवर सगळे न सांगता करत होते. तू सांगून तरी करतेस."

*

थंडी संपली आणि शेवटचं मोजायची वेळ आली. खुर्चीवरून उठायचं, भिंतीपर्यंत चालायचं, परत येऊन बसायचं. मी मोबाइलवर वेळ लावणार. सुरुवातीला या बायकांनी हे कसंबसं का होईना केलं होतं. आता एक जण उठलीच नाही. दुसरी इच्छादेवीचं नाव घेत अर्ध्यावर खाली बसली. सुमनमावशी भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीला टेकल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

मी हिशेब मांडला, पुन्हा मांडला. आमच्या व्यायामाने सगळ्या बायकांचे गुडघे बिघडले होते. असीरगडच्या, ज्यांना आम्ही काहीच दिलं नव्हतं, त्या मात्र आहेत तशाच.

फिरोजने स्क्रीन स्वतःकडे वळवली. "मतलब मी घरी झोपून राहिलो असतो, तर या पळाल्या असत्या?"

आबासाहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी पहिल्यांदाच माझा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "मोजमाप चांगली गोष्ट आहे, बेटा. मला उगाच शंका होती."

त्याच दिवशी काठ्यांची ऑर्डर गेली.

*

पुढच्या मंगळवारी आईचा नवस फेडायला मी इच्छादेवीच्या देवळात गेले. अर्ध्या पायऱ्यांवरच मला धाप लागली आणि मी बसले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सरक वं पोरी, मधे काहून बसली?" आणि एक बाई डोक्यावर नारळांची टोपली घेऊन माझ्या बाजूने झपाझप वर गेली. चाल ओळखीची नव्हती. आवाज ओळखीचा होता.

"सुमनमावशी?"

त्या वळल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. त्यांनी टोपली सावकाश खाली ठेवली, एक हात गुडघ्यावर नेला आणि म्हणाल्या, "आई गं."

*

मी एवढी तापले की देवीसमोरच भांडले असते. पण त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि स्वतःहूनच सांगायला लागल्या.

"नातवाचं वजन वाढलं, तं त्याचा अंगनवाडीतला जास्तीचा खाऊ बंद. सासऱ्याले दिसाले लागलं, तं थेंब बंद. बरं झालं का नाव कापतात, माय. आम्हाले त्या पोराचा क्लास सोडायचा नाई. मग आम्ही बरं काहून व्हावं?"

"अहो, इथे उलटं आहे! बरं वाटतंय म्हणालात तरच क्लास राहील. नाहीतर बंद!"

त्यांनी विचार केला. "असं कोठी असते का? बरं झालेल्या मान्साले दवाखान्यात ठेवतात?"

एम.ए.ला हा प्रश्न नव्हता.

*

मी तडक आबासाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बायका बऱ्या आहेत, क्लास जाऊ नये म्हणून लंगडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"पाहिलंस. मोजलंस का?"

"देवळात कशी मोजणार, आबासाहेब?"

"मग हा तुझा अनुभव झाला." ते इतके खूश झाले होते की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "आणि नुसत्या अनुभवावर जायचं नाही, असं तूच मला शिकवलंस, बेटा."

या माणसाशी वाद घालता येत नाही. ते ऐकत नाहीत तोवर बरं असतं, ऐकायला लागले की आपल्यालाच हरवतात.

*

काठीवाटपाचा कार्यक्रम ठरला. कुठे? वरच्या मजल्यावर. मी म्हटलं, "गुडघेदुखीच्या बायकांना जिना चढायला लावता?"

"बॅनर वर लावून झालाय," आबासाहेब म्हणाले.

आदल्या दिवशी मी सुमनमावशींना फोन करून हात जोडले. उद्या नीट चाला, हाच शेवटचा मोका आहे. "बिनघोर राहा," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी इच्छापूरहून मॅजिक गाडीतून उतरल्या त्या अशा लंगडत, की खालच्या दुकानदाराने स्टूल आणून दिलं. मोठ्या साहेबासमोर धोका कोण घेणार? बायका कण्हत, कठड्याला लटकत, एकमेकींना ढकलत वर आल्या. फिरोज मागच्या कोपऱ्यात व्यायामाच्या चटया गुंडाळत बसला होता. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

आबासाहेबांनी भाषण केलं. अनुभव, सेवा, पुन्हा अनुभव. एकेका बाईच्या हातात काठी दिली, एकेक फोटो झाला. मग त्यांनी घसा साफ केला. "तर आजपासून व्यायामवर्ग बंद..."

तेवढ्यात खालून मॅजिकचा हॉर्न वाजला. लांब, तीनदा. ड्रायव्हर रस्त्यावरून ओरडला, "इच्छापूरवाल्या, चलो! मी निघालो, मला दुसरी सवारी आहे!"

सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. दोन पडल्या. पदर खोचले गेले, पिशव्या काखेत गेल्या आणि सगळ्या बायका दारातून बाहेर. जिन्यावरून असा धडधडाट झाला की खालचा दुकानदार छत पडतंय समजून रस्त्यावर आला. माझं बोट आपोआप मोबाइलवर गेलं आणि मी वेळ लावली. फिरोज चटया टाकून कठड्याशी धावला आणि सवयीने ओरडला, "मावशी, टाच आधी! टाच आधी!"

हॉलमध्ये काठ्या उरल्या. सगळ्याच्या सगळ्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

आबासाहेब जिन्याच्या तोंडाशी आले. निरोपाचा फोटो गाडीजवळ काढायचा होता. त्यांनी कठडा धरला, एक पाय खाली टाकला आणि तिथेच थांबले. खिशातून मोबाइल काढला. मी मागेच उभी होते, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मोबाइल परत ठेवला.

"हा जिना..." ते म्हणाले.

खाली हॉर्न चालूच होता. तेवढ्यात सुमनमावशी जिना चढून परत वर आल्या. मला वाटलं, पिशवी राहिली असेल. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, सरळ आत गेल्या, भिंतीची एक काठी उचलली आणि आबासाहेबांच्या हातात दिली.

"धरा, आबा. सोमवारी इच्छापूरले या. हा फिरोज शिकवतो."

आबासाहेबांनी काठीकडे बघितलं. काठीवर त्यांचंच नाव होतं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. लवकर या, खुर्ची धरून ठेवते." त्या भराभर चार पायऱ्या उतरल्या, थांबल्या, मागे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"अन् आबा, बरं वाटलं तरी कोनाले सांगू नका."