खडूनं लिहिलेलं 'मेलं'

काल अंबरनाथ पश्चिमेला मेकॅनिक नातवाच्या बाइकचा शॉकअप खोलत होता. जुन्या तेलाचा उग्र वास आला आणि मी मेकॅनिकची मान धरून त्याला मागे खेचलं. तो हसला. "आजी, मेलाय हा शॉकअप."

चाळीस वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या भंगारच्या गाळ्यात लढाईतल्या विमानांचे सुटे भाग आले होते. कशाचं काय, कुणालाच कळेना. आमचे हे प्रत्येक तुकड्यावर हातोडी मारून कान लावायचे आणि सांगतील ते मी खडूनं त्यावर लिहायची. आत दाब उरला नसेल तर 'मेलं' लिहायचं, मग तो खुशाल खोलायचा.

त्या दुपारी मांडीएवढं जाड नळकांडं निघालं. "विमानाच्या चाकाचा शॉकअप," हे म्हणाले. "इतकी वर्षं काय जिवंत राहतोय? लिही, मेलं."

मी लिहिलं. यांनी पान्यानं नट अर्धा फिरवला आणि थांबले. "आत काहीतरी फुसफुसतंय गं."

अजून ढीगभर माल पडला होता. "लिहिलंय ना," मी खेकसले. "फिरवा की."

यांनी फिरवला. आतला दांडा सुटला, यांचा जबडा उडवून छपराच्या पत्र्यातून आरपार गेला. माझ्या तोंडावर गरम तेल उडालं, त्यात रक्त आणि दातांचे तुकडे होते. हातातला खडू लाल झाला.

लोक अजून म्हणतात, त्या दिवशी यांचा कान चुकला.

कान चुकला नव्हता.