दुपारी दोनची बॅच

विशाखाताई हिवराळे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहेत. निकालाच्या दिवसांत त्यांच्या खिडकीसमोर पोरांची झुंबड उडते, आणि आवाज न चढवता ती झुंबड रांगेत उभी करणं त्यांनाच जमतं. महिला मंडळात आल्या तेव्हाही त्या तशाच होत्या, मागच्या खुर्चीवर बसणाऱ्या आणि मोजकं बोलणाऱ्या. एका संक्रांतीला त्या एक वाक्य बोलल्या, आणि त्यामुळं आम्हा बायकांच्या आयुष्यात जे घडलं ते सांगण्यासारखं आहे.

आमचं मंडळ जुनं. पूर्वी ते प्राध्यापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बायकांपुरतं होतं. यमुनाबाई चौसाळकर अध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की विद्यापीठात काम करणारी, शिकणारी किंवा राहणारी कुठलीही बाई इथं येईल. हळदीकुंकवाचं त्यांनी तिळगूळ केलं, म्हणजे कुणालाच दारातून परत फिरावं लागू नये. मुलींच्या वसतिगृहाच्या रस्त्यावर दिवे नव्हते, ते त्यांनी वर्षभर पाठपुरावा करून लावून घेतले. यमुनाबाईंचे यजमान दत्तोपंत संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. ते गमतीनं म्हणत की, आमच्याकडं स्वयंपाक कमी आणि निवेदनं जास्त होतात.

तर त्या संक्रांतीला यमुनाबाईंनी खेळ काढला होता. प्रत्येकीनं आपल्याला येत असलेली एक गोष्ट करून दाखवायची. कुणी गाणं म्हटलं, कुणी उखाणा घेतला. समाजशास्त्राच्या एका मॅडमनी तर मोराचा आणि टिटवीचा आवाज काढला. विशाखाताईंची पाळी आली तेव्हा त्या उठल्याच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला असं काही येत नाही. पोहता येतं फक्त."

सगळ्या हसल्या, मीही हसले. यमुनाबाईंनी मात्र त्यांना पुढं बोलावून घेतलं आणि कुठं शिकलीस म्हणून विचारलं.

विशाखाताईंचं माहेर पिशोर. वडिलांचं नाव सांडू. थोडी जमीन होती आणि त्यात त्यांनी भावांसोबत स्वतः खोदलेली विहीर. सांडूंच्या लहानपणी गावातल्या विहिरीवर त्यांच्या लोकांना पाणी भरू देत नसत. घागर घेऊन कुणीतरी वरून ओतेल याची वाट बघत बसावं लागे. म्हणून स्वतःच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी कपड्यांसकट आत उडी मारली होती, असं घरात सांगत. विशाखा सात-आठ वर्षांची झाली तशी त्यांनी तिच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि तिला पाण्यात सोडलं. बायकोनं आरडाओरडा केला, पोरीच्या जातीला हे कशाला म्हणून. तेव्हा ते म्हणाले होते, "इहीर आपली हाय. माझी लेक काठावर बसणार नाय."

पुढं ती मुलांसारखी गुडघे पोटाशी घेऊन मुटके मारायला लागली, तळाची माती वर काढून दाखवायला लागली. मग ती मोठी झाली, आईनं पोहणं बंद केलं, आणि ती अभ्यासाला लागली. शहरात आली, नोकरी लागली, लग्न झालं. पाण्याशी संबंध उरला तो नळ येण्यापुरता.

"मग दाखव की आम्हाला एकदा," यमुनाबाई म्हणाल्या.

"कुठं दाखवू, काकू?"

विद्यापीठाला पोहण्याचा तलाव आहे. तिथं मुलं पोहतात, संघ सराव करतात, पहाटे प्राध्यापक मंडळी येतात. बायकांनी येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बायकांसाठी वेळही नव्हती, आणि पुरुषांच्या वेळेत कुणी गेलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती. आम्ही रोज तलावाच्या भिंतीजवळून जात होतो. आतून पाण्याचा आवाज येई आणि आम्ही पुढं जात असू.

पुढच्याच आठवड्यात यमुनाबाई आम्हा चौघींना घेऊन कुलसचिवांकडं गेल्या. त्यांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि अडचणी सांगितल्या. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवायची तर जीवरक्षक बाईच हवी, ती आणायची कुठून? कपडे बदलायला जागा नाही. आणि मुख्य म्हणजे येणार कोण? तिथं बसलेले एक गृहस्थ मध्येच म्हणाले की, शहरात लोक नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजतात आणि तुम्हाला पोहायचं सुचतंय. यमुनाबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "तलाव भरलेलाच आहे. आम्ही उतरलो तर त्यातलं पाणी कमी होणार नाही."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी विशाखाताईंकडं बघितलं. नंतर त्यांनी मला एकटीला सांगितलं की पोहून तीस वर्षं झाली, आता जमेल की नाही कुणास ठाऊक. आधी बघून येते, मगच हो म्हणते.

एका रविवारी त्या पिशोरला गेल्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई मनकर्णाबाई मुलाजवळ राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, पण शेतात एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना करमत नाही. लेक आली ती थेट विहिरीकडं निघाली म्हणून त्याही मागोमाग गेल्या.

"पान्यात उतरायचं म्हन्तीस? वय काय तुझं?"

"चव्वेचाळीस."

"इसरली असशील."

"तेच बघायला आले, माय."

विशाखाताईंनी ओढणी काढून आईच्या हातात दिली, पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेल्या आणि डोळे मिटून उडी घेतली. पाणी नाकात गेलं. हात भलतीकडंच पडायला लागले. क्षणभर त्यांना वाटलं की झालं, गेले. मग पाय आपोआप चालायला लागले. त्यांनी एक वेढा घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्या वेढ्याला त्यांना हसू यायला लागलं. विहिरीत तो आवाज घुमला, तो ऐकून त्या आणखीच हसल्या.

वर आल्या तेव्हा मनकर्णाबाईंनी पदरानं त्यांचं डोकं पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवा म्याच बंद केलं तुझं. बाया नावं ठेवायच्या, भ्या वाटायचं मला. तुझा बाप दोन दिवस जेवला नव्हता." आणि हातातली ओढणी परत देत म्हणाल्या, "जा आता. शिकीव त्या बायांना."

विशाखाताईंनी रजा टाकली आणि पुण्याला जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाला गेल्या. त्या तुकडीत सगळी कॉलेजची पोरं. तळाशी टाकलेलं वजन वर काढायची परीक्षा पहिल्या वेळी त्यांच्या हातून हुकली, दुसऱ्या वेळी साधली. तोवर घर त्यांचे यजमान राजकुमार सांभाळत होते. ते वाळूजला कारखान्यात आहेत. त्यांना खिचडी सोडून काही येत नाही, त्यामुळं घरात सगळ्यांनी महिनाभर खिचडी खाल्ली. प्रमाणपत्र घेऊन विशाखाताई बसमधून उतरल्या तेव्हा ते पेढे घेऊन उभे होते. म्हणाले, पेढे नंतर, आधी भाकरी कर. मग स्वतःच लाजले आणि दोघं जेवायला बाहेर गेले.

आता अडचण कपड्यांची होती. तलावात घालायचे तसले कपडे अंगावर घालायला निम्म्या जणी तयार नव्हत्या. बेगमपुऱ्यातल्या गीताबाई आमच्या कितीतरी जणींचे ब्लाउज शिवतात. त्यांना आम्ही पाण्यात जड न होणारं कापड आणून दिलं आणि लांब बाह्यांचं, घोट्यापर्यंतचं काहीतरी शिवा म्हणून सांगितलं. कुणाच्या पोटाचा घेर, कुणाची उंची, मापं घेताना नुसता हशा. शेवटी टेप गळ्यात अडकवत गीताबाई हळूच म्हणाल्या, "कापड उरतंय. एक माझ्यासाठी शिवू का?" यमुनाबाई म्हणाल्या की, तुम्ही आमच्या पोशाखमंत्री, तुम्हाला कोण अडवणार.

अर्ज पुन्हा गेला. या वेळी उत्तर आलं ते असं: प्रायोगिक तत्त्वावर, फक्त मे महिन्यात, फक्त रविवारी, दुपारी दोन ते तीन.

मे महिना आणि दुपारचे दोन. आमच्या शहरात त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कुणालाच नको असलेला तास आम्हाला दिला होता, हे उघड होतं. बैठकीत बऱ्याच जणी चिडल्या, नाकारू या म्हणाल्या. तेव्हा पहिल्यांदाच विशाखाताई स्वतःहून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाण्याला वेळ कळत नाही. दिलाय ना तास, घेऊ या."

पहिल्या रविवारी तलावाचे रखवालदार अप्पाराव फाटकाचं कुलूप काढून खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वाटलं होतं दोघी-तिघी येतील आणि ऊन बघून परत जातील. तेवढ्यात रस्त्यावरून छत्र्यांची रांग येताना दिसली. छत्र्या, टोप्या, डोक्यावर ओले टॉवेल, हातात पाण्याच्या बाटल्या. आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. तलावाकाठची फरशी तव्यासारखी तापली होती. चप्पल काढली की जी ती नाचायला लागे. अप्पाराव बघत राहिले, मग उठले आणि बादल्या भरभरून फरशीवर ओतायला लागले.

त्या दिवशी आम्ही उथळ भागात काठाला धरून नुसते पाय मारले. एवढंच. पण त्यात जेवढं हसलो तेवढं मी तरी कित्येक वर्षांत हसले नव्हते. उर्दूत पीएच.डी. करणारी एक मुलगी घाबरलेल्या प्रत्येकीला "हल्लू हल्लू, आपा" म्हणून धीर द्यायची. तेव्हापासून आमच्या बॅचची घोषणाच ती झाली. गीताबाईंना तर तिसऱ्या रविवारीच पाण्यात तोंड घालायला जमलं.

अडून राहिल्या त्या यमुनाबाई. वय सदुसष्ट, आयुष्यात मोठमोठ्या साहेबांसमोर न घाबरलेली बाई, पण काठाची दांडी काही सोडायची नाही. दत्तोपंत बाहेर लिंबाखाली थर्मास घेऊन बसलेले असायचे आणि दर पाच मिनिटांनी भिंतीवरून विचारायचे, "झालं का?" शेवटच्या रविवारी विशाखाताईंनी त्यांना उताणं केलं, पाठीखाली हात दिला आणि सांगितलं, काकू, माझा हात आहे, तुम्ही नुसतं वर बघा. यमुनाबाई ताठ होत्या, मग हळूहळू सैल झाल्या. आम्ही सगळ्या पाय मारायच्या थांबलो.

"काढ आता हात," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"काढ. बुडाले तर ह्यांना सांग, चहा एकट्यानं पिऊन टाका."

हात निघाला. यमुनाबाई तरंगत राहिल्या. पांढऱ्या केसांची वेणी पाण्यावर पसरली होती आणि चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. तीन वाजले, अप्पारावांनी शिट्टी वाजवली. त्या हलल्या नाहीत. अप्पारावांनी दुसऱ्यांदा शिट्टी तोंडात धरली आणि न वाजवताच खिशात टाकली. भिंतीपलीकडून आवाज आला, "झालं का?" आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं, "झालं!"

मे सरला आणि आमची मुदत संपली तेव्हा कार्यालयाकडं अप्पाराव स्वतःच गेले. त्यांनी सांगितलं की बाया दर रविवारी वाढतच आहेत, फरशीनं त्यांचे पाय भाजतात, आणि सकाळी सात ते आठ तलाव बऱ्याचदा रिकामाच असतो. यमुनाबाईंच्या सगळ्या निवेदनांपेक्षा हे बोलणं जास्त लागू पडलं असावं. आता आठवड्यातून तीन सकाळी बायकांच्या आहेत. भंगार ठेवायच्या खोलीला रंग देऊन कपडे बदलायची सोय झाली. फुलंब्रीहून बसनं येणारी मेघा म्हणून एक विद्यार्थिनी आमच्यात शिकली आणि यंदा विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. मुलींच्या सरावासाठी संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून मंडळाचं नवं निवेदन तयार आहे, आणि यमुनाबाई ते टाईप झालेलं असूनही दर आठवड्याला आणखी कडक करतात.

विशाखाताई अजून परीक्षा विभागातच आहेत, पण मागच्या खुर्चीवर बसत नाहीत. सकाळी वर्ग संपला की सगळ्या चहाला जातात. तेव्हा त्या दहा मिनिटं मागं राहतात आणि खोल बाजूला एकट्या पोहतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग ओल्या केसांनीच ऑफिसला जातात. पूर्वी त्यांचे साहेब विचारायचे, आज उशीर कसा. आता त्यांच्या पत्नीचंही नाव आमच्या बॅचमध्ये आहे, त्यामुळं ते विचारत नाहीत.