मागे ऐकू जावं, बाळ उठू नये

ये गं, अशी जवळ बस. लिहिते आहे म्हणून काय झालं, समोर असल्यासारखी ऐक. काल फोनवर म्हणालीस, "आजी, पुढच्या महिन्यात सभेत बोलायचंय आणि मला आवाजच आवरत नाही. मोठा केला तर भांडल्यासारखा वाटतो, लहान केला तर कुणाला ऐकू जात नाही." आणि एवढं सांगून फोन ठेवून दिलास! माझं ऐकून तरी घ्यायचं, शहाणे.

मी मिठागरावरची पोर. रोडपालीच्या बाजूला आमची आगरं. या बांधावरून त्या बांधावर आईला जेवायला हाक मारायची, तर आधी वारा बघायचा. वारा पाठीशी घेतला की हाक पोचते, समोरून घेतला की आपल्याच तोंडात परत येते. हे कुणी शिकवावं लागत नाही.

लग्न होऊन पनवेलात आले. आमच्या आळीला नळ नव्हता. तळ्यावरून हंडे वाहून बायकांच्या माना मोडायच्या. एका संध्याकाळी नगरपालिकेचे साहेब देवळापुढच्या अंगणात लोकांचं ऐकायला आले. बायकांनी मलाच पुढे ढकललं. "हिचा गळा हाय, हीच बोलंल!" सासूबाई माझं झोपलेलं तान्हं, म्हणजे तुझा बाप, मांडीवर घेऊन पार शेवटी बसल्या.

साहेबांच्या टेबलाशी लोकांकडे तोंड करून उभी राहिले, तर खाडीचा वारा थेट तोंडावर. आता गं? मी पदर खोचला, माणसांतून वाट काढत सगळ्यांच्या मागे गेले, वारा पाठीशी घेतला आणि दिली हाक ठोकून, "सायेब, आमाला पानी पायजे!"

सगळ्यांच्या माना गर्रकन मागे. साहेब दचकून म्हणाले, "बाई, मी इथेच आहे, मुंबईला नाही गेलो अजून!" अंगणभर हशा. तुझ्या बापानं भोकाड पसरलं ते वेगळंच. साहेबांनी चष्मा काढून खिशात घातला. आता हे उठणार आणि आमचा नळ जाणार.

सासूबाईंनी पोराला थोपटून पुन्हा झोपवलं आणि मला म्हणाल्या, "सूनबाय, पुढं जा. मला ऐकू आलं पायजे आन् यो उठला नाय पायजे. तेवढंच बोल."

गेले पुढे. त्या दोघांकडेच बघत बोलू लागले. सासूबाईंनी कानाला हात लावला, मी आवाज थोडा चढवला. पोराचा पाय हलला, मी जरा खाली आले. पोटुशी बाई भरला हंडा घेऊन चढण कशी चढते, ते सांगितलं. साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पावसाळ्याआधी कोपऱ्यावर नळ आला, आणि पहिला हंडा सासूबाईंनी भरला.

तर आता लवकर ये. तुझ्या तान्ह्या लेकीला पोटभर पाजून, निजवून आण. तिला घेऊन मी पडवीच्या टोकाला बसते, तू ओट्यावरून बोल. आणि वारा कुठून येतोय ते अजिबात बघू नकोस.